परक्याचा कान

गिटार मांडीवर घेऊन वाजविणाऱ्याला आपले वादन जसे बाहेर पडते तसे कधीच ऐकू येत नाही, आणि ही अडचण त्या वाद्याच्या घडणीतच आहे. वाद्याची वरची फळी आणि तिच्यातील गोल छिद्र ही दोन्ही समोरच्या दिशेला असल्यामुळे नाद समोर बसलेल्याकडे जातो, आणि वादकाच्या वाट्याला येतो तो कडेकडेने वळून वर आलेला, छातीला टेकलेल्या लाकडातून अंगात उतरलेला त्याचा अंश; त्यातच डाव्या हाताच्या बोटांची धावपळ, पुढच्या जागेची काळजी आणि मनात आधीपासून घोळत असलेली आदर्श चाल यांची इतकी गर्दी झालेली असते की, प्रत्यक्ष काय वाजले आणि काय वाजले असे वाटले यांतील अंतर त्या क्षणी उमगणे जवळजवळ अशक्यच. धंदेवाईक वादकाची ही उणीव त्याचे सहवादक आणि तिकीट काढून आलेला श्रोता आपोआप भरून काढतात. परंतु नोकरीधंदा सांभाळून रात्री खोलीचे दार लावून वाजविणाऱ्या हौशी माणसाला दुसऱ्याचा कान शोधून आणावा लागतो. गेल्या सव्वाशे वर्षांत हा कान त्याने कोठकोठे शोधला, ही हकीकत ध्वनिमुद्रण-यंत्रांच्या इतिहासात तळटीपेसारखी येते; मला मात्र ती त्या यंत्रांच्या हकीकतीहून अधिक मोलाची वाटते, कारण यंत्र जसजसे स्वस्त होत गेले तसतसा ऐकणारा दुर्मिळ होत गेला, हे तिच्यातच स्पष्ट दिसते.

ध्वनिमुद्रण घरात येण्यापूर्वी हा कान मंडळ्यांमध्ये मिळे. अमेरिकेत १९०२ साली बँजो, मँडोलिन आणि गिटार वाजविणाऱ्यांचा संघ स्थापन झाला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये क्लिफर्ड एसेक्स यांनी याच तीन वाद्यांच्या आद्याक्षरांचे ‘बी. एम. जी.’ हे मासिक काढले. आणि १९२९ साली त्याच शहरात बोरिस पेरॉट या रशियातून आलेल्या डॉक्टरांनी गिटारवादकांची फिलहार्मोनिक सोसायटी उभी केली. तिच्या सभांतून सभासद एकमेकांपुढे वाजवीत, चर्चा करीत, आणि पुढे जगविख्यात झालेला ज्युलियन ब्रीम हा अगदी पोरवयात या पेरॉटांच्याच हाताखाली काही काळ शिकला. गिटारला सभ्य संगीताच्या पंक्तीत बसवून घ्यायलाही बरेच लोक जेव्हा राजी नव्हते, त्या काळात अशा मंडळ्यांनी केलेले काम थोर आहे यात शंका नाही. तरीही तेथे एक मर्यादा होती. ज्याच्यापुढे आज वाजवायचे तोच पुढच्या सभेत आपल्यापुढे वाजविणार, त्यानंतर सर्वांनी मिळून चहा घ्यायचा, अशा ठिकाणी भीडमुर्वत शिरतेच. आणि हौशी वादकाला लाभणारा बहुतेक अभिप्राय या मुर्वतीनेच निकामी होतो.

ही मुर्वत ज्या एका अभिप्रायात अजिबात नव्हती, तो एका आईने दिला, आणि घरी बसून गिटारचे ध्वनिमुद्रण करण्याच्या प्रथेचे मूळ पुष्कळ अंशी त्यातच आहे. लेस पॉल हा विस्कॉन्सिनमधील वॉकशा गावी १९१५ साली जन्मलेला वादक १९४६ च्या सुमारास चांगलाच नावारूपास आलेला होता. तो स्वतः पुढे सांगत असे त्याप्रमाणे, त्याची आई त्याला एकदा म्हणाली की काल रात्री रेडिओवर तुझे वादन ऐकले; त्या वेळी आपण रेडिओवर नव्हतोच, असे त्याने सांगितल्यावर तिने उत्तर दिले की, मग तुझ्यासारखे वाजविणारे आता पुष्कळ झालेले दिसतात. हे बोलणे त्याला इतके झोंबले की, चालू असलेले दौरे आणि मिळकत बाजूस सारून तो हॉलिवुडमधील आपल्या घराच्या गॅरेजात जाऊन बसला, आणि जे ऐकताच आपल्या आईला आपले म्हणून ओळखता येईल असा नाद सापडेपर्यंत बाहेर पडायचे नाही, असे त्याने ठरविले. संगीताच्या जाणकारांनी दिलेले कितीतरी अभिप्राय मी वाचले आहेत. परंतु ऐकणाऱ्याने फक्त आपल्याला काय ऐकू आले तेवढे सांगावे आणि ऐकविणाऱ्याने त्यावरून आपले सारे आयुष्य फिरवावे, असे उदाहरण मला दुसरे आढळले नाही.

त्या गॅरेजातील कामाची रीत तपशिलाने सांगण्याजोगी आहे. तबकडी कोरण्याचे यंत्र त्याने कॅडिलॅक मोटारीचे जड गतिचक्र वापरून स्वतः तयार केले होते. एका तबकडीवर गिटारचा पहिला भाग कोरायचा. ती तबकडी वाजू लागली की तिच्यासोबत दुसरा भाग वाजवून दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर उतरवायचे. मग तिसरा, मग चौथा. काही भाग तो यंत्राचा वेग अर्ध्यावर आणून कोरीत असे, म्हणजे पूर्ण वेगाने वाजविताना ते एक सप्तक वर चढत आणि मनुष्याच्या बोटांना न साधणाऱ्या चपळाईने येत. प्रत्येक नव्या थरासोबत आधीचे थर एकेक पाऊल मागे सरत आणि त्यांच्यावर तबकडीची खरखर साचत जाई, म्हणून जो भाग सर्वांत ठळक राहायला हवा तो शेवटी वाजवायचा, असा उलटा हिशेब आधीच मांडून ठेवावा लागे. अशा रीतीने एकट्याच्या आठ गिटारी एकत्र गुंफून तयार झालेले ‘लव्हर’ कॅपिटॉल कंपनीने १९४८ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षाच्या आरंभी मोटार-अपघातात त्याच्या उजव्या कोपराचा चुराडा झाला, आणि हात कायमचा एकाच कोनात राहणार हे कळल्यावर त्याने शल्यवैद्यांकडून तो गिटार धरता येईल अशा कोनात बसवून घेतला. पुढे बिंग क्रॉस्बी यांनी त्याला अँपेक्स कंपनीचे फितीचे यंत्र भेट दिले. त्यात एक जादा मुद्रणशीर्ष बसवून त्याने तेच थर फितीवर रचण्यास आरंभ केला. १९५१ साली पत्नी मेरी फोर्डच्या आवाजासह त्याने घरच्या घरी केलेले ‘हाऊ हाय द मून’ अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. घरात केलेले ध्वनिमुद्रण बाजारात चालू शकते, ही गोष्ट त्या दिवसापासून वादातीत झाली.

लेस पॉल मात्र हौशी नव्हता. सामान्य माणसाच्या हाती फितीचे यंत्र पडल्यावर त्याने पहिले काम केले ते टपाल खात्यावर विसंबण्याचे. १९५० नंतरच्या दशकात फितीवर बोलून आणि वाजवून ती परगावच्या, परदेशच्या अनोळखी मित्रांना पाठविणारी मंडळे निघाली. त्याच काळात मेम्फिस येथे चारेक डॉलर घेऊन कोणाचेही गाणे तबकडीवर उतरवून देणाऱ्या एका छोट्या कार्यालयात १९५३ साली एक ट्रक-चालक होऊ घातलेला तरुण गिटार घेऊन आला. तेथील मॅरियन कीस्कर या बाईंनी त्याच्या नावापुढे, भावगीत चांगले गातो, लक्षात ठेवावा, अशा अर्थाचा शेरा टिपून ठेवला. एल्विस प्रेस्ली हे ते नाव. दप्तरातील एका ओळीच्या शेऱ्याने एवढे काम केल्याचे दाखले संगीताच्या इतिहासात थोडेच असतील.

आपल्याकडे याच सुमारास परक्या कानाचा प्रश्न सरकारी दप्तरात गेला, आणि त्या प्रकरणाशी संबंधित दोन प्रमुख पुरुष महाराष्ट्राचे होते. पुण्यात जन्मलेले बा. वि. केसकर १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, आणि आकाशवाणीवर गाण्या-वाजविण्यास येणाऱ्या प्रत्येकाची चाचणी घेण्याची तजवीज त्यांच्या कारकीर्दीत झाली. चाचणीमंडळाचे अध्वर्यू होते श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, मुंबईचेच, भातखंडे यांचे पट्टशिष्य. परीक्षकाने उमेदवाराचा चेहरा पाहू नये, घराणे व शिफारस विचारात घेऊ नये, केवळ कानावर पडेल त्यावर निवाडा द्यावा, हे त्यामागील तत्त्व. पुढे स्थानिक समितीच्या चाळणीतून उतरलेल्याचे ध्वनिमुद्रण दिल्लीच्या मंडळाकडे पाठवून श्रेणी ठरविण्याची पद्धत रूढ झाली. बैठकीत आयुष्य घालविलेल्या अनेक कलावंतांना ही चाचणी अपमानास्पद वाटली, आणि त्यांची व्यथा खोटी नव्हती. समोरच्या चेहऱ्यावरील दाद पाहून पुढची जागा सुचणाऱ्या गायकाला बंद खोलीत, न दिसणाऱ्या परीक्षकांपुढे गायला लावणे हे कठोरच होते. पण माझ्या मते या व्यवस्थेची खरी उणीव वेगळीच आहे. तिने परक्याचा कान मिळवून दिला, निःपक्षपाती मिळवून दिला, परंतु त्या कानाला बोलू दिले नाही. उमेदवाराच्या हाती पडे ती श्रेणी. लय कोठे सुटली, सूर कोठे उतरला, काय ठेवावे आणि काय टाकावे, यांपैकी काहीही त्याला त्या हुकुमावरून समजत नसे.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट मांडली तेव्हा ती मुख्यतः श्रुतलेखनासाठी होती, संगीतासाठी तिचा कोणी फारसा विचार केला नव्हता. तिची फीत चार मिलिमीटरांहूनही अरुंद, आणि वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरांच्या आसपास. १९७९ साली जपानच्या टिऍक कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ १४४’ हे यंत्र बाजारात आणले, त्यात याच फितीवरून काम घेण्याची युक्ती होती: कॅसेटच्या दोन बाजूंचे मिळून जे चार माग असतात ते चारही एकाच दिशेने वापरायचे, आणि फीत दुप्पट वेगाने चालवायची. त्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटवर काम करण्यास पंधराच मिनिटे मिळत, पण त्या पंधरा मिनिटांत एकटा माणूस चार वेगवेगळे भाग वाजवू शकत असे. चार पुरले नाहीत तर तीन माग एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तिन्हींवर पुन्हा वाजवायचे. एकदा उतरविले की त्या तिघांतील परस्पर-प्रमाण कायमचे ठरले, मागाहून गिटार किंचित वर हवी होती असे वाटले तरी इलाज नाही, आणि प्रत्येक उतरवणीला फितीची सळसळ वाढत जाई. लेस पॉलच्या गॅरेजातील उलटा हिशेब येथे हजारो शयनगृहांत पुन्हा मांडला जाऊ लागला.

या यंत्रावरचे सर्वांत प्रसिद्ध काम एका व्यावसायिकाचे आहे, तरी अभिप्रायाच्या दृष्टीने त्याची हकीकत येथे सांगितलीच पाहिजे. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतील कोल्ट्स नेक येथील भाड्याच्या घरात एक खुर्ची, दोन मायक्रोफोन आणि हे १४४ एवढ्या सामग्रीवर गिटार व माउथ ऑर्गन घेऊन नवी गाणी उतरविली. हेतू इतकाच की वाद्यवृंदाला चाली समजाव्यात. ती कॅसेट त्यांनी आपले व्यवस्थापक जॉन लँडाऊ यांच्याकडे हाताने लिहिलेल्या टिपणांसह पाठविली. मूळ फीत कित्येक दिवस डबीवाचून स्प्रिंगस्टीन यांच्याच खिशात फिरत होती. नंतर न्यू यॉर्कच्या मोठ्या स्टुडिओत संपूर्ण वाद्यवृंदासह तीच गाणी वाजवून पाहण्यात आली, आणि ऐकणाऱ्या सर्वांचे मत अखेर असे झाले की, खिशातली कॅसेटच खरी. तिच्यावरून विक्रीची तबकडी कोरणे अतिशय कठीण गेले, पण ते केले गेले, आणि ‘नेब्रास्का’ त्याच वर्षाच्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस बाहेर पडले. ज्या अभिप्रायामुळे हे घडले तो ‘अजून चांगले करा’ असा नव्हता, ‘यास आता हात लावू नका’ असा होता. असा अभिप्राय देण्यास फार धैर्य लागते. हौशी वादकाला तर तो जवळजवळ कधीच मिळत नाही, कारण सल्ला विचारला की काहीतरी बदल सुचविणे हेच आपले कर्तव्य आहे अशी ऐकणाऱ्याची समजूत असते.

त्याच वर्षी हौशी गिटारवादकाला त्याचा स्वतःचा, कायम पत्त्याचा परका कान लाभला. कॅलिफोर्नियात १९६७ पासून निघणाऱ्या ‘गिटार प्लेअर’ मासिकात माइक व्हार्नी यांनी ‘स्पॉटलाइट’ हे सदर सुरू केले. व्हार्नी यांनी दोनच वर्षांपूर्वी ‘श्रॅपनेल’ ही छोटी ध्वनिमुद्रण कंपनी काढली होती. घरी भरलेली कॅसेट, सोबत छायाचित्र आणि चार ओळींची माहिती असे पाकीट कोणीही पाठवावे. व्हार्नी ते ऐकत, आणि दर अंकात मोजक्या वादकांविषयी लिहीत: कोणत्या शैलीचा हा माणूस, कोणाकोणाचे संस्कार, हाताची विशेष जात कोणती. स्टॉकहोमहून पाठविलेली इंग्वी माल्मस्टीन या एकोणीस वर्षांच्या मुलाची फीत या मार्गानेच त्यांच्या हाती पडली, १९८३ च्या फेब्रुवारीच्या अंकात त्याच्याविषयी छापून आले, आणि त्याच सुमारास तो व्हार्नी यांच्या निमंत्रणावरून अमेरिकेत येऊन दाखलही झाला. पेनसिल्व्हेनियातील पॉल गिल्बर्ट पंधरा वर्षांचा असताना, आपल्याला ओझी ऑसबर्न यांच्याकडे वाजवायचे आहे अशा अर्थाचे पत्र जोडून फीत पाठवितो, व्हार्नी ती विनंती प्रथम हसण्यावारी नेतात आणि फीत ऐकल्यावर मत बदलतात. पुढील काही वर्षे दोघांचा संपर्क राहतो, आणि १९८६ साली गिल्बर्टची पहिली तबकडी श्रॅपनेलतर्फेच निघते.

ज्यांची नावे छापून आली नाहीत त्यांच्यापुरते पाहिले तरी या सदराचे ऋण मोठे आहे, असे मी मानतो. कोठल्यातरी आडगावी पोर्टास्टुडिओसमोर बसलेल्या मुलाला, आपली फीत कोणी एक माणूस शेवटपर्यंत ऐकणार आहे एवढ्या खात्रीने, वाजविण्याचा दर्जा वाढविता येतो. तंबोरा नीट लागला की गायकाची बैठक सुधारते तसेच हे आहे. पण त्या सदराचा एक परिणाम मला खेदाने नोंदवावा लागतो. व्हार्नी यांचा कान वेगाला आणि तयारीला विशेष भुकेला होता. तो तसा आहे हे फिती पाठविणाऱ्यांना लवकरच कळले, आणि मग पुष्कळांनी त्याला रुचेल तेवढेच पाठविण्याचा मार्ग धरला: पहिल्या अर्ध्या मिनिटात जेवढे स्वर बसतील तेवढे बसवायचे, चाल मागाहून. एका माणसाची आवड अशा रीतीने एका पिढीची शैली झाली. दोष त्या माणसाचा नव्हे; ऐकणारा एकच असला म्हणजे असे होणारच.

वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिया येथून १९७९ पासून निघणाऱ्या ‘ऑप’ या नियतकालिकाने याच्या उलट मार्ग धरला होता. इंग्रजी वर्णमालेच्या एकेका अक्षराला एकेक अंक द्यायचा आणि सव्विसावा अंक काढून थांबायचे, असा त्याचे संपादक जॉन फॉस्टर यांचा संकल्प. ‘कॅस्टानेट्स’ या सदरात घरी भरलेल्या कॅसेटींचे परीक्षण येई, आणि पाठविणाऱ्याचा पत्ता छापला जाई, जेणेकरून ज्याला कुतूहल वाटेल त्याने थेट त्याच्याशी देवाणघेवाण करावी. निवड नाही, श्रेणी नाही, आणि परीक्षण वाचून ज्याने फीत मागविली तोही ऐकून झाल्यावर दोन ओळी लिहून पाठविणार. हा कान एकाचा नव्हता, म्हणून त्याला कोणी वश करू शकले नाही. ठरल्याप्रमाणे १९८४ साली ‘ऑप’ थांबले. त्याच्या वारशातून ‘ऑप्शन’ आणि ‘साउंड चॉइस’ ही दोन नियतकालिके निघाली, परंतु तोपर्यंत फितींची संख्या इतकी वाढली होती की प्रत्येक फीत ऐकून काही लिहिण्याचा नेम पाळणे कोणाही संपादकाला उत्तरोत्तर जडच जाणार होते.

मुंबईत हे सारे थोडे उशिरा आणि थोड्या निराळ्या वाटेने आले. आखातात कामास गेलेले लोक १९७० नंतरच्या दशकात परतताना रेडिओ-कॅसेटचे टू-इन-वन घेऊन येऊ लागले, आणि पोर्टास्टुडिओ ज्याने चित्रातच पाहिला होता अशा मुलालाही अशी दोन यंत्रे मागून आणून काम भागविता येऊ लागले: एकावर साथीचे कॉर्ड भरायचे, ते मोठ्याने लावून त्यावर गत वाजवायची, आणि दोन्ही मिळून दुसऱ्यावर उतरवायचे. पंख्याची घरघर आणि खालच्या रस्त्यावरील हाळी यांसह हे सर्व फितीवर येई. ती ऐकवायची कोणाला, हा प्रश्न मात्र तसाच होता. गोवेकरांच्या कुडांनी, म्हणजे सामायिक निवासांनी, वेढलेल्या धोबीतलावावर १८६५ पासून वाद्यांचा व्यापार करणाऱ्या फुर्टाडोसच्या दुकानात वाद्य मिळे. जवळच्याच रंगभवनात १९८६ पासून भरू लागलेल्या इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवात श्रोता मिळे, पण हजारोंच्या त्या जमावाचा कौल आरडाओरडीचा, त्यातून शिकण्यासारखे फार थोडे हाती लागे. रॉक वाजविणाऱ्यांच्या फिती ऐकून त्यांविषयी छापील शब्द लिहिणारे ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ अमित सैगल यांनी १९९३ साली काढले, ते मुंबईत नव्हे, अलाहाबादेत. १९२६ साली स्थापन झालेल्या ज्या प्रयाग संगीत समितीच्या परीक्षांना देशभरातील हौशी विद्यार्थी बसत आलेले आहेत ती याच शहरातली. घरी बसून गिटारची फीत भरणाऱ्या मुंबईच्या मुलांना तिच्या प्रमाणपत्राचे कितपत आकर्षण होते ते असो, आपल्या फितीविषयी त्या नव्या मासिकात चार ओळी येतात की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी अंकाची वाट पाहिली असेल, तर ते मला अगदी योग्य वाटते.